सोलापुरी टॉवेल-चादरी ऑनलाइन विकायच्या आहेत : घाऊक भाव नेमका कसा काढायचा?

मेघना_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी जाऊ घरून ऑनलाइन विक्री करतो. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, दारावरची तोरणं. आता टॉवेल, नॅपकिन आणि सोलापुरी चादरी सुरू करायच्या आहेत. गिऱ्हाईक विचारतं, माल टिकाऊ आहे, आणि कपड्यांसारखी मापाची कटकट नाही, म्हणून.

घोडं अडलंय भावापाशी. इंडियामार्टवर एक चौकशी टाकली आणि फोनवर फोन सुरू झाले. वर्णन सगळ्यांचं एकच: ‘तीस बाय साठ इंच, प्युअर कॉटन, फॅक्टरी रेट’. भाव मात्र ९५ रुपयांपासून १९० रुपयांपर्यंत! कोणी नगावर बोलतं, कोणी डझनावर, एकाने तर किलोचाच भाव सांगितला. कोणी जीएसटी धरून सांगतं, कोणी सोडून. वाहतुकीचं कोणीच आपणहून बोलत नाही.

यातला खरा भाव कुठला हे ओळखायचं कसं? थेट सोलापूरला जाऊन यंत्रमागवाल्याकडून घ्यावं, की आधी पुण्या-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून? आणि पुरवठादार खरंच कारखानदार आहे की मधला दलाल, हे घरबसल्या कळू शकतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. आमचं भांडवल मर्यादित आहे, त्यामुळे पहिली गाठ विचार करूनच उचलायची आहे.

पूर्वभाग

मेघनाताई, आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, दोन पिढ्या मागावर गेल्या. तुम्हाला किलोचा भाव सांगणारा जो माणूस भेटला ना, त्याचा नंबर जपून ठेवा. तोच आमच्या गावची भाषा बोलतोय.

टेरी टॉवेल म्हणजे सूत. कारखानदाराच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा सुताचा, आणि सूत तो किलोवर घेतो. त्यामुळे त्याच्या डोक्यात टॉवेलचा भाव किलोतच असतो. नगाचा भाव तो तुमच्यासाठी तयार करतो, आणि तो तयार करताना वजन थोडं इकडेतिकडे करायला भरपूर जागा असते. टेरीत तीन सुतं असतात: जमिनीचं उभं सूत, आडवं सूत आणि वर जे मऊ फास दिसतात ते पाइलचं सूत. पाइल जरा आखूड केली, आडवे धागे इंचामागे दोन-चार कमी टाकले, की तोच तीस बाय साठचा टॉवेल पन्नास-साठ ग्रॅमनं हलका होतो. फोटोत काही कळत नाही. हातात घेतल्यावरसुद्धा नवख्याला कळत नाही, कारण कोरा माल कांजीमुळे भरल्यासारखा लागतो.

म्हणून ‘टॉवेल केवढ्याला?’ असं विचारूच नका. प्रत्येकाला अगदी एकसारखे प्रश्न विचारा आणि वहीत एकाखाली एक लिहा. माप किती? एका नगाचं वजन किती ग्रॅम, आणि त्यात पाच टक्के इकडेतिकडे की जास्त? सूत कुठल्या काउंटचं (म्हणजे किती जाड-बारीक), पाइल एकेरी सुताची की दुहेरी पिळाची? रंग पक्का, म्हणजे कुठल्या जातीचा? भाव कारखान्याच्या दारातला की तुमच्या दारातला? जीएसटी आत की बाहेर? ५० नगाला काय आणि ५०० नगाला काय? रोखीला वटाव किती? आणि शेवटचा, जो कोणी विचारत नाही: हा भाव किती दिवस धरून ठेवणार?

वजन विचारल्यावर जो गडबडतो, तो कारखानदार नाही. मागावर माल काढणाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी ग्रॅम सांगेल.

नमुना मागवाल तेव्हा विकत मागवा. फुकटचा नमुना निवडून पाठवतात. पैसे देऊन, पावतीसह, ‘चालू लॉटमधले दोन नग द्या’ असं सांगून घ्या. आल्यावर काट्यावर ठेवा, मग साध्या पाण्यात धुवून, कडक वाळवून परत ठेवा. मधला फरक म्हणजे कांजी आणि सुटलेला लोंबा, म्हणजे सुटे तंतू. पावसाळ्यात वजन करत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कापूस हवेतलं पाणी ओढतो. व्यापारात कापसाची प्रमाणित ओल साडेआठ टक्के धरतात. त्यामुळे सगळे नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच काट्यावर तोला.

सायली_नगर

वाचतेय. नॅपकिनसाठी मलाही हेच हवं होतं. पूर्वभाग, दुय्यम मालाबद्दलही लिहाल का? मला एकाने ‘एक्सपोर्ट सरप्लस’ म्हणून किलोवर फार स्वस्त भाव दिलाय.

पूर्वभाग

सायलीताई, सरप्लस म्हणजे दोन गोष्टी असू शकतात. ऑर्डरपेक्षा जास्त निघालेला चांगला माल, किंवा तपासणीत बाजूला काढलेला ‘सेकंड’. दुसऱ्यात धागा तुटलेला, काठ वाकडा, शेड वेगळी, डाग. किलोवर खूपच स्वस्त असेल तर बहुधा दुसराच. दुकानात गिऱ्हाईक उलटंपालटं करून घेतं, तिथे तो माल खपतो. ऑनलाइन तुम्ही एक फोटो टाकता आणि त्या फोटोबरहुकूम शंभर नग द्यायचे असतात. सरप्लसमध्ये एकच शेड शंभर नग मिळणं कठीण, आणि संपली की परत येत नाही. ऑनलाइनसाठी तो माल स्वस्तसुद्धा नको.

रविवारपेठ

पूर्वभाग यांनी फार चांगलं लिहिलंय, पण एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. पुण्यात रविवार पेठेत आमचं घाऊक दुकान आहे, म्हणून माझी बाजू मांडतो.

लोकांना वाटतं मधला व्यापारी गेला की त्याचा नफा आपल्या खिशात. तसं होत नाही. कारखानदार एका रंगाची एक गाठ देतो. तुम्हाला सुरुवातीला हवेत सहा रंगांचे दहा-दहा नग. ते त्याला परवडत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. माझ्याकडे नगामागे आठ-दहा रुपये जास्त लागतील, पण वीस नग मिश्र रंगांत मिळतील, डागी नग बदलून मिळेल आणि चार दिवसांत पुन्हा माल मिळेल. कोणता रंग चालतो हे कळण्याआधी सहा गाठी घरात आणून ठेवल्या तर त्यातल्या न चालणाऱ्या दोन गाठींत अडकलेला पैसा त्या आठ-दहा रुपयांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

म्हणून मेघनाताई, आधी व्यापाऱ्याकडून थोडा माल घ्या, चालणारे रंग आणि मापं कळू द्या, मग त्या दोन-तीन प्रकारांपुरतं थेट सोलापूरला बोला. आणि घाऊक बाजारात भाव विचारायला जाल तेव्हा सणाच्या तोंडावर जाऊ नका. दिवाळीआधी कोणाकडे बोलायला वेळ नसतो आणि भावही नरम नसतो.

पूर्वभाग

मान्य आहे, रंगांचा मुद्दा बरोबर. फक्त व्यापाऱ्यालाही वजन विचाराच. चांगला व्यापारी आनंदाने सांगतो.

मेघना_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रश्नांची यादी छापून घेतली आणि तीन ठिकाणांहून पैसे देऊन नमुने मागवले. आज ते तोलून, धुवून, परत तोलून झाले. आकडे देते.

पहिला : १३८ रुपये, तीस बाय साठ, सांगितलेलं वजन ४०० ग्रॅम, धुतल्यावर ३७०.
दुसरा : १५५ रुपये, तीस बाय साठ, सांगितलेलं ४५० ग्रॅम, धुतल्यावर ४४०.
तिसरा : १२८ रुपये, सांगितलं तीस बाय साठ, टेपने मोजलं तर अठ्ठावीस बाय छपन्न. वजन सांगितलंच नव्हतं, धुतल्यावर ३४० ग्रॅम.

भाव सगळे जीएसटी सोडून, कारखान्याच्या दारातले. जाऊबाईंचं म्हणणं, तिसरा घ्यावा, २७ रुपयांचा फरक मोठा आहे. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण आकड्यांत कसं मांडावं ते सुचत नाही.

पूर्वभाग

मांडून देतो.

धुतलेल्या वजनावर किलोचा भाव काढा. पहिला ३७३ रुपये किलो. दुसरा ३५२. तिसरा ३७६. म्हणजे नगाला सगळ्यात स्वस्त दिसणारा तिसरा, सुताच्या हिशेबात सगळ्यात महाग. कागदावरच्या वजनाने पहिला ३४५ येत होता, दुसऱ्याच्या बरोबरीत. धुतल्यावर फरक उघडा पडला.

आता जाडी, म्हणजे जीएसएम, एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. सोपं सूत्र आहे: ग्रॅम गुणिले १५५०, भागिले चौरस इंच. एका चौरस मीटरमध्ये १५५० चौरस इंच असतात, म्हणून. पहिला येतो ३१९, दुसरा ३७९, तिसरा ३३६. तिसऱ्याचं क्षेत्रफळ तीस बाय साठपेक्षा जवळजवळ १३ टक्के कमी आहे, ते वेगळंच. तिसऱ्याशी भांडायचं कारण नाही. त्याला मोजलेलं माप सांगून ‘अठ्ठावीस बाय छपन्नचा भाव द्या’ म्हणा. तसं लिहूनच विकलंत तर तो माल काही वाईट नाही. पण तीस बाय साठ लिहून विकायचा नाही.

पहिल्याला विचारा, ४०० चे ३७० का. कांजी आणि लोंबा मिळून थोडी घट सगळ्यांची होते, दुसऱ्याचीही दहा ग्रॅम झालीच. साडेसात टक्के जरा जास्त आहे.

हिशेबनीस

मी जीएसटी आणि हिशेबाचं काम करतो, ऑनलाइन विकणारे बरेच पक्षकार आहेत. घाऊक भाव काढायची एक बाजू पूर्वभाग यांनी दाखवली, ती मालाकडून वर येणारी. दुसरी बाजू गिऱ्हाईकाकडून खाली येणारी. ती मांडल्याशिवाय ‘१५५ महाग की स्वस्त’ याला उत्तर नाही.

समजा एक टॉवेल २९९ रुपयांना विकायचा. खालचे आकडे रीत कळावी म्हणून घेतलेत, तुमच्या पॅनेलवर तुमचे खरे आकडे मिळतील. २९९ मध्ये ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १४ रुपये २४ पैसे सरकारचे. उरले २८५. त्यातून कुरियर ७४, प्लॅटफॉर्मचे आकार ३५, पॅकिंग ७, परत येणाऱ्या पार्सलांची तरतूद १०, जाहिरात २०. एकूण १४६. उरले १३९. हा तुमच्या दारात पोचलेल्या टॉवेलचा कमाल भाव, आणि यात तुमचा नफा अजून धरलेलाच नाही. दुसऱ्या पुरवठादाराचा १५५ चा टॉवेल वाहतूक-हमाली ६ आणि डागी नगांचे ३ धरून १६४ ला पडतो. म्हणजे नगामागे २५ रुपये तोटा.

याचा अर्थ टॉवेल महाग आहे असा नाही, एकेक विकणं महाग आहे. कुरियरचा पहिला टप्पा सहसा ५०० ग्रॅमचा असतो. ४५० ग्रॅमचा टॉवेल, वर पिशवी, लेबल, बिल: काटा ५०० च्या पुढे गेला की पुढच्या टप्प्याचे पैसे. दोन टॉवेलांचा जोड मात्र ९०० ग्रॅम, पॅकिंगसह एका किलोच्या आत बसतो. जोड ६४९ ला विकला तर: जीएसटी ३१, उरले ६१८. कुरियर ९०, आकार ७०, पॅकिंग ९, परतीची तरतूद १८, जाहिरात २५, एकूण २१२. उरले ४०६. माल ३२८. जोडीमागे ७८ रुपये सुटतात. टॉवेल तोच, पुरवठादार तोच.

आता यातली मेख. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. टॉवेल फुगतो. जोड सैल घडी घालून ३० बाय २५ बाय १२ च्या पाकिटात भरलात तर १.८ किलो लागतील. तोच दाबून २८ बाय २२ बाय ८ मध्ये बसवला तर एक किलोच्या आत. म्हणून पुरवठादाराला भाव विचारताना त्याची घडी आणि पॅकिंगही विचारा. कारखान्यातच दाबून, तुमच्या मापाच्या पिशवीत भरून देत असेल आणि नगाला दोन रुपये जास्त मागत असेल, तर ते दोन रुपये खुशाल द्या.

कराचे दर एकदा नीट लिहितो, कारण जुन्या माहितीवर भाव सांगणारे अजून भेटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल-चादरींसारख्या तयार कापडी वस्तूंना नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. त्याआधी हजारपर्यंत ५ आणि पुढे १२ होते. तुमचा माल बहुतेक ५ टक्क्यांतच येईल.

अजित_कोल्हापूर

जोडीचा हिशेब पटला. नॅपकिनचे सहाचे संच का विकतात ते आज आकड्यांत दिसलं.

इचल

इचलकरंजीहून लिहितोय, आमच्याकडे चादरीचं कापड जास्त, टॉवेल कमी. पुरवठादार कोण आहे हे घरबसल्या कळतं का, या प्रश्नाचं उत्तर देतो. बरंचसं कळतं.

जीएसटी क्रमांक मागा. देत नसेल तर विषय संपला. पंधरा अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे: २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ गुजरात, ०६ हरियाणा, ३३ तामिळनाडू. पुढची दहा अक्षरं पॅन. ‘आमचा सोलापूरला कारखाना’ म्हणणाऱ्याचा क्रमांक ०६ ने सुरू होत असेल तर माल पानिपतचा असण्याची शक्यता मोठी. मग जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाका, लॉगिन लागत नाही. नोंदणी चालू आहे की रद्द, कधीची आहे, मुख्य पत्ता कोणता, धंद्याचं स्वरूप काय लिहिलंय, विवरणपत्रं वेळेवर भरतो का, हे सगळं दिसतं. तिथे ‘उत्पादक’ लिहिलेलं असणं म्हणजे पुरावा नव्हे, पण ‘किरकोळ व्यापार’ एवढंच लिहिलं असेल तर फॅक्टरी रेटच्या गोष्टी बाजूला ठेवायच्या.

पत्ता नकाशावर बघा. आणि व्हिडिओ कॉलवर माग दाखवा म्हणा. ज्याचा माग आहे तो खट खट आवाजासकट दाखवतो, उलट त्याला अभिमान असतो.

पैसे पाठवताना खात्याचं नाव आणि जीएसटी नोंदणीचं नाव एकच असलं पाहिजे. ‘भावाच्या खात्यावर टाका’ म्हटलं की थांबा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचे आगाऊ पैसे असेच गेले.

शिल्पा_औरंगपुरा

मी उलट्या बाजूने जाते, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. ज्या वस्तूवर नजर आहे ती मोठ्या प्लॅटफॉर्मवर शोधायची आणि भरपूर खपणाऱ्या दोन-तीन विक्रेत्यांची पानं शेवटपर्यंत वाचायची. पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्रीतही उत्पादक किंवा पॅकरचं नाव-पत्ता, नगांची संख्या किंवा माप, कमाल किंमत, मूळ देश हे दाखवावं लागतं. २०१८ पासून ही सक्ती आहे. लोक खाली जाऊन वाचत नाहीत, पण कित्येकदा कारखान्याचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. मग इचल यांनी सांगितल्याप्रमाणे तपासायचं आणि थेट फोन करायचा.

त्या विक्रेत्यांचा एकेक नग विकतही घ्यायचा. तोलायचा, मोजायचा, धुवायचा. तुमच्याकडे पुरवठादारांचे किलोचे भाव आलेच आहेत, त्यामुळे त्याला माल साधारण कितीला पडत असेल याचा अंदाज येतो. विक्रीची किंमत समोर दिसतेच. त्या किमतीत त्याला कसं परवडतं हे कळलं की आपल्याला कुठल्या भावाला माल मिळाला पाहिजे तेही कळतं.

आणि एक व दोन ताऱ्यांची मतं वाचा. टॉवेलमध्ये तक्रारी ठरलेल्या: रंग जातो, लोंबा सुटतो, पातळ आहे, पाणी शोषत नाही. शेवटची तक्रार बऱ्याचदा सॉफ्टनर जास्त मारल्यामुळे असते, नवा टॉवेल हाताला गुळगुळीत लागतो आणि अंगावरचं पाणी ओढत नाही. पुरवठादाराला या तक्रारींबद्दल विचारा. काय उपाय करतो हे नीट सांगणाऱ्याचा भाव थोडा चढा असला तरी मी तिथेच घेते.

सायली_नगर

शिल्पाताई, रंग जातो की नाही ते घरी कसं बघता?

शिल्पा_औरंगपुरा

पांढऱ्या सुती रुमालाने गडद टॉवेल जोर लावून चोळायचा, एकदा कोरड्या रुमालाने, एकदा ओल्या. मग कोमट साबणाच्या पाण्यात पांढऱ्या तुकड्याबरोबर तासभर ठेवायचा. पहिल्या धुण्यात थोडा वरचा रंग सुटणं वेगळं, पण तिसऱ्या धुण्यातही पाणी रंगत असेल तर तो रंग नको. मरून, नेव्ही आणि काळा यांची ही परीक्षा घेतल्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.

पूर्वभाग

पानिपतचा विषय निघालाच आहे तर चादरीबद्दल कळकळीने लिहितो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरच्या टेरी टॉवेललाही आहे. सोलापूरबाहेर विणलेला माल त्या नावाने विकणं १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही बाहेरच्या मिश्र सुताच्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकल्या जातात आणि भावात मार आमच्या मागवाल्यांना बसतो.

ओळखायचं कसं? खरी चादर जॅकार्डची: नक्षी विणलेली असते, छापलेली नसते. उलटी केली की तीच नक्षी रंग बदलून दिसते. सुती असेल तर एक धागा ओढून जाळून बघा, कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. टोकाला कडक मणी तयार झाला तर त्यात सिंथेटिक आहे. मिश्र सूत वाईटच असं मी म्हणत नाही, ज्याला परवडतं त्याने विकावं, पण नाव खरं लिहावं. आणि भावाची तुलना करताना सुती चादर मिश्र चादरीशी करूच नका. दोन्हींचा किलोचा भाव वेगळा, ते दोन वेगळे माल आहेत.

मेघना_डोंबिवली

पूर्वभाग, तुमचा शब्द पाळू. चादर सोलापूरचीच घेऊ आणि तसं लिहू.

हिशेबनीस, एक विचारायचं होतं. दोघांनी ‘बिलाशिवाय घ्या, पाच टक्के वाचतील’ असं सांगितलं. आमची जीएसटी नोंदणी आहे. तरी एकदा स्पष्ट सांगा.

हिशेबनीस

मेघनाताई, घेऊ नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण तुमच्या बाबतीत यात वाचतही काही नाही. बिलावर भरलेले ५ टक्के तुम्हाला परत वजावट म्हणून मिळतात. बिलाशिवाय घेतलंत तर विक्रीवरचा पूर्ण कर तुमच्या खिशातून जातो आणि खरेदीचा खर्च आयकरात दाखवता येत नाही. वाटेत माल गहाळ झाला तर मागायचं कोणाकडे?

वजावटीसाठी मात्र पुरवठादाराने त्याचं विवरणपत्र भरलेलं असलं पाहिजे, तरच ते बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या वजावटीच्या यादीत दिसतं. म्हणून इचल यांनी सांगितलेली विवरणपत्रांची तपासणी हीसुद्धा भावाची तपासणीच आहे. वेळेवर न भरणाऱ्याचा माल तेवढ्या काळासाठी ५ टक्के महाग पडतो.

ज्यांची नोंदणी नाही त्यांच्यासाठी: १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीशिवायही आपल्या राज्यापुरतं प्लॅटफॉर्मवरून विकता येतं, पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात वस्तूंसाठी ती मर्यादा ४० लाख. राज्याबाहेर एक पार्सल पाठवायचं तरी नोंदणी हवी. अशा विक्रेत्याला वजावट नाही, त्यामुळे त्याने पुरवठादाराचा भाव जीएसटी धरूनच मोजायचा. दोघांच्या वहीत एकच आकडा असला तरी भाव एक नसतो.

प्लॅटफॉर्म पैसे देताना जीएसटीखाली ०.५ टक्के आणि आयकराखाली ०.१ टक्के कापतो. दोन्ही दर २०२४ मध्ये एक टक्क्यावरून खाली आले. ही रक्कम बुडत नाही, पण तोवर अडकते. भांडवल तंग असेल तर लक्षात असू द्या.

उधारीबद्दलही एक. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. तसं बिल मुदत उलटून मार्चअखेरही थकलेलं राहिलं, तर तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षातच धरला जातो. त्यामुळे ‘तीन महिने उधार’वाल्या भावाला भुलू नका. रोखीचा भाव मागा, बहुतेक वेळा तोच फायद्याचा.

जर्सीकर

आमच्याकडे मंडळातले लोक सोलापुरी चादरी आवडीने मागतात म्हणून हा धागा वाचत होतो. अमेरिकेत सुट्टी पार्सलं पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयातशुल्क माफ होतं, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्याआधीचे हिशेब वापरू नका, त्या वेळी लागू असलेलं शुल्क पाहूनच किंमत ठरवा. चादर जड असते, तिथे कुरियरच मालाच्या वर जातो.

रविवारपेठ

मेघनाताई, पुरवठादाराला तुम्ही ऑनलाइन विकता हे सांगायचं की नाही, असंही बरेच जण विचारतात. सांगा. काही कारखानदार स्वतःही प्लॅटफॉर्मवर विकतात. त्यांच्याकडून माल घेऊन त्यांच्याच किमतीशी झुंजायचं का, हे आधी कळलेलं बरं. सरळ विचारा, ‘तुमचा हा माल तुम्ही स्वतः ऑनलाइन कितीला देता?’ मी स्वतः माझ्या ऑनलाइन गिऱ्हाइकांना वेगळी घडी आणि वेगळे रंगसंच देतो, म्हणजे दुकानदार आणि ते एकमेकांच्या आड येत नाहीत. असं करायला तयार असलेला पुरवठादार शोधा.

मेघना_डोंबिवली

दुसऱ्या पुरवठादाराशी बोलणं झालं. जोड दाबून, २८ बाय २२ च्या पिशवीत भरून द्यायला तयार आहे, नगाला दीड रुपया जास्त. जीएसटी क्रमांक २७ चा, विवरणपत्रं वेळेवर, व्हिडिओवर मागही पाहिले. रंग चार घेतोय, प्रत्येकी पंचवीस. बाकीचे दोन रंग रविवार पेठेतून थोडे घेऊन बघू. जाऊबाईंनाही किलोचा हिशेब पटला, आता नमुना आला की त्याच आधी काटा काढतात.

फक्त तो म्हणतो भाव पंधराच दिवस धरीन. ही मुदत कमी वाटते. वाढवून मागावी का?

पूर्वभाग

मागू नका. सुताचे भाव हलते असतात, पंधरा दिवस धरतो म्हणजे माणूस सरळ आहे. तीन महिने भाव धरतो म्हणणारा वजनात हात मारेल. त्याऐवजी असं ठरवा: ऑर्डरवर आणि बिलावर वजन लिहून घ्यायचं, ‘४५० ग्रॅम, कमीजास्त तीन टक्के’. आणि भाव बदलला तर सुताच्या त्या दिवसाच्या भावासकट कळवायचं. सूत किलोला दहा रुपयांनी चढलं तर ४५० ग्रॅमच्या टॉवेलला साडेचार-पाच रुपये वाढ समजण्यासारखी आहे. पंधरा मागितले तर विचारा कशाचे.

नवा कापूस दसऱ्यानंतर बाजारात यायला लागतो. त्या सुमारास रोज नाही तरी आठवड्याला एकदा सुताचा भाव त्यालाच फोन करून विचारत जा. पहिली गाठ आली की दहा नग उघडून तोला आणि इथे आकडे टाका.